‘कुठली जागा?’ : नवा अल्बम ऐकायचा कसा आणि त्यावर बोलायचं कसं

आमची आत्या गिरगावात राहते. चाळीतल्या भजनी मंडळात ती चाळीस वर्षं गायली. लहानपणी रेडिओवरचं एखादं गाणं ऐकून मी ‘काय मस्त गायलीय’ म्हटलं, की ती भाजी निवडता निवडता विचारायची, “कुठली जागा?” मग ते गाणं मनातल्या मनात परत वाजवायचं, नेमकी ती जागा, म्हणजे सुरांची ती छोटीशी वळणदार हरकत, शोधायची आणि जमेल तशी गाऊन दाखवायची. नाही सापडली, तर आत्या म्हणायची, “मग तू ऐकलंच नाहीस. परत लागेल तेव्हा नीट ऐक.”

नव्या अल्बमबद्दल मत कसं बनवायचं, असं कुणी विचारलं की मला तिचा हाच प्रश्न आठवतो. गुरुवारी रात्री बाराच्या ठोक्याला, म्हणजे तारखेने शुक्रवारी, नवे अल्बम येतात. १० जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार हाच त्यासाठी ठरलेला वार आहे. पन्नास मिनिटांचा अल्बम बाराला येतो आणि बारा वीसला ग्रुपवर पहिला निकाल पडतो: ‘कडक’, ‘पाणी घातलंय’, ‘पूर्वीची मजा नाही’. सकाळी दादरचा पूल उतरेपर्यंत असे पंधरा-वीस निकाल वाचून झालेले असतात. मग कानात अल्बम वाजतो खरा, पण आपण त्या निकालांचा पडताळा घेत बसतो. त्या पंधरा-वीस जणांना ‘कुठली जागा?’ विचारलं, तर किती जणांना बोट ठेवता येईल?

मत द्यावंच, असं मला मनापासून वाटतं. ज्या गायकाचे फलक वांद्र्याच्या चौकात लागत नाहीत, त्याला श्रोते मिळतात ते कुणीतरी कुणाला तरी ‘हे ऐक’ म्हटल्यामुळेच. म्हणून त्या ‘हे ऐक’मध्ये वजन हवं. ते कसं आणायचं, ते पायरीपायरीने सांगतो. यात तीनदा ऐकणं आहे, एक वही आहे आणि साधारण आठवडाभराचा वेळ आहे.

पायरी १ : एकच अल्बम निवडा, आणि तो काय प्रकारचा आहे ते बघा

आठवड्याला एक. दोन घेतले की दोन्ही अर्धवट राहतात.

अल्बम हा शब्द मुळात फोटोंच्या अल्बमवरूनच आला. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून अशा बऱ्याच तबकड्या एका जाडजूड पुस्तकात घालून विकल्या जात. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी मोठी तबकडी, आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. तिथून पुढे कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, पहिली बाजू कशावर संपवायची, याचा विचार लोक मन लावून करू लागले. क्रम हाही रचनेचाच भाग झाला. हे ध्यानात ठेवलं तर पुढच्या बऱ्याच सूचना आपोआप पटतील.

समोरचा अल्बम चित्रपटाचा असेल, तर त्यातली गाणी आधीच एकेक करून आलेली असतात आणि शेवटी ‘ज्युकबॉक्स’ म्हणून एकत्र टाकलेली असतात. तिथे क्रमावर फार बोलू नये. तो गोष्टीतल्या प्रसंगांसाठी असतो. चार-पाच गाण्यांची ईपी असेल, तर तिच्याकडून पूर्ण अल्बमच्या फेरफटक्याची अपेक्षा धरू नये. स्वतंत्र कलाकाराचा अल्बम असेल, तर त्यातली दोन-तीन गाणी सहसा महिनाभर आधी आलेली असतात. ती कुठली, ते वहीत आधीच लिहून ठेवा. ओळखीचं गाणं कानाला नेहमीच जास्त गोड लागतं. मग ‘तिसरं आणि पाचवं सगळ्यात भारी’ असं आपण लिहितो आणि नंतर लक्षात येतं की तीच दोन आधीपासून ऐकत होतो.

आणि निवडल्यापासून पहिलं ऐकून होईपर्यंत इतरांचं काहीही वाचू नका. ग्रुप चार दिवस म्यूट केला म्हणून कुणी रागावत नाही.

पायरी २ : फोन ऐकण्यासाठी तयार करा

शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणं, बंद. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲडेल या गायिकेने अल्बम क्रमानेच वाजावा म्हणून आग्रह धरला आणि स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं शफलचं ठळक बटण बदललं. एका कलाकाराला क्रम किती मोलाचा वाटतो, ते यावरून कळतं.

ऑटोप्ले बंद. हे फार लोक विसरतात. शेवटचं गाणं संपलं की ॲप लगेच ‘तशाच’ चालीचं दुसरंच काहीतरी सुरू करतं. शेवटच्या सुरानंतरची शांतता अल्बमचीच असते. ती मिळाली नाही तर शेवट कसा केलाय ते कळतच नाही. क्रॉसफेड असेल तर तोही बंद, नाहीतर एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात जाते. इक्वलायझर, म्हणजे खालचे-वरचे सूर कमीजास्त करायची सोय, सपाट ठेवा.

दर्जाचं गणित सोपं आहे. ३२० केबीपीएसला (म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट) मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात, म्हणजे चाळीस मिनिटांच्या अल्बमला ९६ एमबी. ९६ केबीपीएसवर तेच काम २९ एमबीत होतं, पण झांजेची, तंबोऱ्याची झिलई जाते. घरच्या वायफायवर वरच्या दर्जात डाउनलोड करून घ्या. भुयारी मेट्रोत किंवा गर्दीच्या फलाटावर नेटवर्क गेलं, तर ऐन अंतऱ्यात गाणं अडकत नाही.

पायरी ३ : कशावर ऐकताय ते आधी ठरवा

इथे माझी एक चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका तरुण गायिकेचा स्वतःच्या चालींचा अल्बम आला. रात्री घरचे झोपले होते म्हणून मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून फोनच्याच स्पीकरवर, हळू आवाजात तो ऐकला. लगेच ग्रुपवर लिहिलं: ‘चाली गोड, पण तबला कोरडा. ठेक्याला वजनच नाही.’ तिसऱ्या दिवशी भांडुपला मित्राकडे तोच अल्बम त्याच्या दोन स्पीकरांवर लागला आणि दुसऱ्याच गाण्यात डग्ग्याची, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या खालच्या सुराच्या वाद्याची, घुमक अख्ख्या खोलीत भरली. फोनच्या इवल्याशा स्पीकरला खालचे सूर वाजवताच येत नाहीत. त्यामुळे मला चाटीवरचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा, टणत्कार तेवढा ऐकू आला होता, डग्गा पूर्ण गायब. तोवर माझं वाक्य पुढे पाठवत पाठवत वादकापर्यंत पोचलं होतं. मी त्यांचा नंबर मिळवला, फोन केला, माफी मागितली. ते शांतपणे म्हणाले, “पुढच्या वेळी हेडफोन लावा, एवढंच.”

तेव्हापासून माझा नियम आहे: फोनच्या स्पीकरवर ऐकून ठेक्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. महागडी यंत्रं लागत नाहीत. कानात नीट बसणारे साधे वायरचे इअरफोनही पुरतात. आवाज फार बारीक ठेवू नका. बारीक आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर कमीच जाणवतात. ही कानाची मूळची रीत आहे आणि १९३३ मध्येच ती मोजून झाली आहे. दोन अल्बमांची तुलना करताना दोन्ही एकाच आवाजाच्या पातळीवर लावा, कारण जो मोठ्याने वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो. ॲपमधली आवाज समान करण्याची सोय त्यासाठी चालू असू द्या.

एक अपवाद मात्र मोठा आहे. वरळीपासून उरण-पनवेलपर्यंत जी आगरी-कोळी गाणी निघतात, हळदीची, बेंजोच्या तालावरची, ती हेडफोनसाठी केलेलीच नसतात. इअरफोन लावून ‘बेस फार आहे’ अशी तक्रार करणारे मी पाहिले आहेत. त्या गाण्यांची परीक्षा मांडवात होते. रात्री अकरा वाजता, हळदीने माखलेल्या पन्नास माणसांत, मोठ्या स्पीकरवर. तिथे म्हातारी माणसंही खुर्चीतून उठली का, हे बघायचं असतं. जे ज्या कामासाठी केलंय, ते तिथे जाऊन ऐका. नाहीतर त्यावर मत देऊ नका.

पायरी ४ : पहिलं ऐकणं, पेन न घेता

मुंबईच्या घरात सलग चाळीस मिनिटं मिळवणं हेच मोठं काम. सकाळी पाणी भरायचं, मग कुकर, मग शेजारच्यांचं ड्रिल मशीन. मला रात्री अकरानंतरची वेळ बरी वाटते. काही जण पहाटे साडेपाचला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून ऐकतात, तेही उत्तम. वेळ ठरवा आणि घरात सांगून टाका की आता चाळीस मिनिटं हाक मारू नका.

गाणं पुढे ढकलायचं नाही, मागे न्यायचं नाही. एखादं कंटाळवाणं वाटलं तरी नाही. स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजल्यावरच ते ऐकलं म्हणून मोजलं जातं, त्यामुळे पहिल्या दहा सेकंदांतच सगळा माल मांडण्याची घाई हल्ली अनेकांना असते. जो कलाकार मिनिटभर नुसती सारंगी वाजू देतो, तो धोका पत्करतो. त्याला तेवढा वेळ द्या.

काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये पूर्वी दुकानात ऐकून मग विकत घेता यायचं. २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं. आमच्या घरात महिन्याला एखादी कॅसेट यायची आणि पैसे मोजलेले असल्यामुळे ती न आवडली तरी दहा वेळा ऐकली जायची. त्या दहांपैकी सातव्या-आठव्या वेळी आवडलेल्या कॅसेट माझ्याकडे अजून आहेत. पैशांची ती सक्ती आता राहिली नाही, म्हणून वेळेची सक्ती आपणच आपल्यावर घालायची.

संपल्यावर पाच मिनिटं काहीही लावू नका. चहा टाका, गॅलरीत उभे राहा. त्या पाच मिनिटांत आपोआप ओठांवर काय येतं, ते बघा. मग वहीत तीनच ओळी: काय गुणगुणलात, कुठे लक्ष उडालं, कुठे अंगावर काटा आला. नावं आठवली नाहीत तर ‘मधलं, पावसाच्या आवाजाचं’ एवढं चालेल. आज एवढंच, आणि कुणाला काही कळवायचं नाही.

पायरी ५ : दुसरं ऐकणं, वही आणि घड्याळ घेऊन

हे एक-दोन दिवसांनी करा. सगळ्यात जास्त वेळ याला लागतो आणि खरी गंमतही इथेच आहे. एकेक गाणं ऐका, थांबवा, परत लावा. आवडलेल्या आणि खटकलेल्या प्रत्येक जागेची मिनिटं-सेकंदं लिहा. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

‘गाणं ४. ०:३८ मुखड्याची दुसरी ओळ खर्जात उतरते, आवाज बारीक होतो पण विझत नाही. १:५२ बासरीचा तुकडा. नीट ऐकलं तर मुखड्याचीच चाल, उलटी. २:४० अंतरा, “उंबरा” शब्दावर मींड. इथे! ३:१५ ढोलकी येते. गरज नव्हती?’

नेमकं काय ऐकायचं, ते थोडं उलगडून सांगतो.

ठेका आधी. बोटांवर मोजा. आठ मात्रांत फिरत असेल तर केरवा, सहांत दादरा, सातांत रूपक, दहांत झपताल. नाव चुकलं तरी बिघडत नाही; आवर्तन, म्हणजे ठेक्याचा एक फेरा, कुठे पूर्ण होतं ते कळलं की पुरे. अल्बममधली किती गाणी एकाच ठेक्यात, एकाच लयीत आहेत, ते मोजा. ‘सगळी गाणी सारखीच वाटतात’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असतं, आणि ते मोजून सांगता येतं. तालवाद्य माणसाने वाजवलंय की एकच तुकडा परत परत जोडलाय, हेही ऐकू येतं: चार आवर्तनं लागोपाठ ऐका, जिवंत वादक चौथ्याला काहीतरी वेगळं करतो.

मग गळा. श्वास कुठे घेतला जातो, ओळ संपताना सूर धरून ठेवलाय की सोडून दिलाय, दोन सुरांमधून आवाज घसरत जातो (तीच मींड) की पायऱ्या चढल्यासारखा टप्प्याटप्प्याने. ऑटोट्यून, म्हणजे चुकलेला सूर आपोआप नीट करणारं सॉफ्टवेअर, १९९७ पासून आहे आणि ते वापरणं हा काही गुन्हा नाही. काही रॅपर ते मुद्दाम, रंग म्हणून वापरतात. पण मींड गाणाऱ्या गळ्यावर ते जोरात लावलं तर मींडेची वेलांटीच सरळ होते. तसं ऐकू आलं तर जागा लिहून ठेवा.

शब्दांसाठी एक साधी युक्ती: गाणं थांबवा आणि ओळ नुसती बोलून बघा. समजा ओळ आहे ‘वारा सुटला आता’. ती ‘वारासू… टलाआता’ अशी तुटून गायली असेल, तर चाल आधी झाली आणि शब्द नंतर कोंबले, असं समजायला हरकत नाही. चालीसाठी ऱ्हस्वाचं दीर्घ होणं आपल्याला चालतं, ते जुनंच आहे. शब्द मधोमध मोडणं मात्र कानाला टोचतं. धारावी-कुर्ल्याकडच्या पोरांचं मराठी-हिंदी मिसळलेलं रॅप ऐकताना उलट बघायचं असतं: शब्द ठेक्याच्या किंचित आधी पडतो की मागे रेंगाळतो, लांब ओळीत श्वास पुरतो का, यमक ओळीच्या शेवटीच आहे की पोटातही लपवलंय. तिथे ‘सूर नाही’ म्हणणं म्हणजे वडापावात वरण शोधणं.

आणि शेवटी संयोजन. कुठलं वाद्य कधी येतं आणि मुख्य म्हणजे कधी थांबतं. मराठी भावगीतांनी आपल्याला मुखडा आणि अंतरा यांच्यामधल्या तुकड्यांवर प्रेम करायला शिकवलं आहे. नव्या अल्बममध्ये तो तुकडा आहे का, नसेल तर त्या जागी काय आहे, ते बघा. नुसती शांतता असेल तर तीही लिहा.

एवढं सगळं प्रत्येक गाण्याला करायची गरज नाही. तीन गाणी अशी बारकाईने ऐका, बाकीच्यांना एकेक ओळ पुरते.

पायरी ६ : तिसरं ऐकणं, लोकलमध्ये

ठाण्याहून सीएसएमटीला स्लो गाडीने तास लागतो. एक अल्बम आरामात बसतो. चौथ्या सीटवर अर्धं टेकून, खिडकीचा वारा आणि पुढच्या स्टेशनची घोषणा यांच्या गोंगाटात कुठली जागा टिकते ते बघा. काही अल्बम इथे मरतात, काही इथेच जिवंत होतात. दोन्ही लिहिण्यासारखं आहे.

आवाज मात्र वाढवू नका. गाडीचा खडखडाट जिंकायला गेलं की आपण नकळत कानाला इजा करतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ठीक, पण ९० डेसिबलला फक्त ४ तास. शेजारच्याला आपल्या इअरफोनमधला ठेका ऐकू येत असेल तर आपण फार पुढे गेलो. दारात उभं राहून, फलाटाच्या कडेला किंवा रस्ता ओलांडताना दोन्ही कान बंद ठेवायचे नाहीत. रूळ तर ओलांडायचेच नाहीत, कानात काही असो वा नसो.

पायरी ७ : श्रेयनामावली वाचा

ॲपमध्ये गाण्याच्या तीन टिंबांखाली ती बहुधा मिळते. नसेल तर यूट्यूबवरच्या अधिकृत व्हिडिओच्या वर्णनात बघा. संगीतकार, गीतकार, संगीत संयोजक, वादक, मिक्सिंग, मास्टरिंग. तुम्हाला आवडलेली बासरी कुणाची ते शोधा आणि मत लिहिताना नाव घेऊन लिहा. गायकाचं नाव सगळे घेतात. बासरीवाल्याचं नाव घेणारे थोडे, आणि त्यालाच ते वाचून पुढचे दोन महिने बळ येतं.

पायरी ८ : मत लिहा

आता लिहायला हरकत नाही. शंभर-दीडशे शब्द भरपूर झाले. आमच्या ग्रुपवर आलेल्या मतांसारखं एक नमुन्यादाखल घेतो:

‘अल्बम ठीक. आवाज चांगला आहे पण गाणी सगळी सारखीच. म्युझिक जुनाट. ५ पैकी ३.’

यातलं एकही वाक्य खोटं नसेल, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तेच मत वही उघडून लिहिलं तर:

‘आठपैकी पाच गाणी केरव्यात, एकाच लयीत आहेत आणि त्यातली चार तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत लागोपाठ येतात, कान सुस्तावतो. सातवं दादऱ्यात सुरू होतं तेव्हा जाग येते. गायिकेचा आवाज खालच्या सुरांत फार जिवंत आहे. चौथ्या गाण्यात २:४० ला “उंबरा” शब्दावरची मींड ऐका. वरच्या सप्तकात तिच्या आवाजावर इतकी घुमारी चढवली आहे की शब्द विरतात, सहावं गाणं १:२० पासून. दोनदा हेडफोनवर, एकदा लोकलमध्ये ऐकला. रात्री निवांत ऐकायला घ्या.’

दुसरं मत न पटणाऱ्यालाही उपयोगी आहे. तो २:४० वर जाऊन म्हणू शकतो, ‘मला नाही आवडली.’ मग बोलणं सुरू होतं.

लिहिताना ‘मला आवडलं नाही’ आणि ‘त्यांना जमलं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, ती मिसळू नका. मला स्वतःला फार गोड सिंथेसायझर आवडत नाही. हा माझ्या कानाचा प्रश्न आहे, संगीतकाराचा नाही. तुलना करायची तर त्याच कलाकाराच्या मागच्या कामाशी करा. पन्नास वर्षांपूर्वीची गाणी काढून ‘तशी आता होत नाहीत’ म्हटलं की पुढे बोलायला कुणाकडे काहीच उरत नाही. तारे किंवा गुण मी देत नाही. तुम्ही देत असाल तर तीन म्हणजे काय, ते एकदा लिहून ठेवा. गाणाऱ्याच्या दिसण्यावर, जातीवर, बोलीच्या हेलावर एक शब्दही नको. एखाद्या पोराच्या ‘न’ आणि ‘ण’वर हसणारी मतं वाचली की मला खरोखर संताप येतो, त्याची बोली हाच त्या गाण्याचा दाणा असतो.

व्हिडिओ करून बोलणार असाल तर गाण्याचे तुकडे जपून वापरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात समीक्षेसाठी वाजवी वापराची मुभा आहे, पण यूट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते आणि दावा लागतो, मग आवाज बंद होतो किंवा कमाई दुसरीकडे जाते. त्यापेक्षा मिनिट-सेकंद सांगा, चाल गुणगुणून दाखवा आणि अधिकृत लिंक द्या. गाण्याची फाईलच ग्रुपवर टाकणं मात्र सरळ चोरी आहे. ज्याचं कौतुक करतोय त्याच्याच ताटातलं काढून वाटायचं नाही.

पायरी ९ : चार माणसांत बसून ऐका

आम्ही पाच जण महिन्यातून एका रविवारी आत्याच्या खोलीत जमतो. मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून वार बदलतो, कारण एक जण डोंबिवलीहून येतो आणि एक वसईहून. अल्बम आधीच ठरलेला, प्रत्येकाने तीनदा ऐकून यायचं.

दोन नियम फार उपयोगी पडले. पहिला: बोलायच्या आधी प्रत्येकाने आपलं मत कागदावर लिहून उलटं ठेवायचं. नाहीतर पहिल्याने ‘भारी आहे’ म्हटलं की चौघांच्या माना हलतात. दुसरा: सगळ्यात लहान वयाचा आधी बोलतो. आमच्यात जो तबला शिकलेला आहे तो आधी बोलला की बाकीचे गप्प होतात, म्हणून तो शेवटी. अख्खा अल्बम परत लावायचा नाही. ज्या तीन जागांवरून वाद आहे तेवढ्याच. वाद करतानाही ‘तुला कळत नाही’ असं नाही, ‘मला तिथे वेगळं ऐकू आलं, परत लाव’ असं म्हणायचं.

मागे एकदा एका गायकाच्या दमसासावर आम्ही पाचही जण खूष होतो. एवढी लांब ओळ एका श्वासात! आत्या आत पोहे परतत होती. तिथूनच म्हणाली, “अरे, तो श्वास घेतो कुठे? माणूस आहे ना?” परत लावलं. ओळीच्या मध्ये, ‘आणि’ या शब्दाच्या आधी, दोन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं जोडल्याची बारीकशी खूण होती. स्टुडिओत असं करतातच, त्यात फसवणूक काही नाही. पण आमच्या पाचही जणांच्या कागदांवर ‘दमसास अफाट’ लिहिलेलं होतं, आणि ते खोडावं लागलं.

जमायला घर नसेल तर माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबसारख्या तबकड्यांच्या दुकानात एलपी बघायला जा. बाजू संपली की उठून तबकडी उलटावी लागते, त्या हालचालीने ऐकण्याला शिस्त येते. जुन्या तबकड्यांसाठी चोर बाजारातला मटण स्ट्रीट आहेच.

पायरी १० : महिन्याने परत

वहीत प्रत्येक नोंदीला तारीख घाला आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडा. महिन्याने अल्बम परत लावा आणि त्या मोकळ्या जागेत लिहा. आधीचं खोडू नका. मत बदललं असेल तर जिथे दिलं होतं तिथेच जाऊन सांगा.

माझ्या वहीत जूनची एक नोंद आहे: ‘गाणं ७. फार लांबलंय. शेवटची दोन मिनिटं कापायला हवी होती.’ जुलैत एका संध्याकाळी शीव-कुर्ल्याच्या मध्ये पाणी भरलं, गाडी उभी राहिली, पंखे चालू, दिवे चालू, कुणी बोलत नव्हतं. तोच अल्बम कानात होता. खालच्या मोकळ्या ओळींत त्या रात्रीचं लिहिलेलं आहे: ‘लांबलेलं नाही. ३:५० पासून सारंगी एकटी आहे. ४:३२ ला ती सुरावर येत येत थांबते. ती जागा.’